फ्लॉपीचं घराणं

पहिल्यांदा 'अ' पडला.

पडद्यावर कुरुंदवाडच्या एका ओव्हरसियर मुलाची माहिती होती आणि समोर बसलेली मुलीची आई चष्मा सावरत ती वाचत होती. 'अविवाहित' या शब्दातला पहिला 'अ' सुटला, सरळ खाली घरंगळला आणि पडद्याच्या तळाशी जाऊन बसला.

"म्हणजे लग्न झालंय का त्याचं?" मुलीच्या आईनं विचारलं.

मशीन चालवणाऱ्या मंजूषानं घाईघाईनं एक कळ दाबली. त्याबरोबर उंची पडली. मग गोत्र पडलं. मग मुलाचे दोन्ही मामा एकदम पडले. बघता बघता सबंध मुलगा अक्षतांसारखा तळाशी साचला आणि वर नुसता काळा पडदा उरला.

बाई उठल्या. "जो मशीनला टिकला नाही तो संसाराला काय टिकणार," असं म्हणाल्या, पिशवी उचलली आणि निघून गेल्या. जाताना नोंदणी तेवढी ठेवा म्हणाल्या.

ही गोष्ट मिरजेतल्या शुभयोग वधू-वर सूचक मंडळातली. कॉम्प्युटर ही वस्तू तेव्हा इतकी नवी होती, की त्याच्या खोलीत शिरताना लोक चपला बाहेर काढायचे. काहीजण नमस्कारही करायचे. जुनी माणसं आधी त्याच्यापुढे बसायला बिचकत, पण एकदा त्यानं जमवलेली दोन लग्नं बरी निघाल्यावर तीच माणसं मुलाच्या मावशीपेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा ठेवायला लागली होती.

मी मंडळात चौकशीचं काम करायचो. स्थळ पसंत पडलं की मुलाच्या गावी जायचं, आपण कोण ते सांगायचं नाही आणि मुलगा खरा कसा आहे ते काढून आणायचं. मुलगा पितो का, हे त्याच्या मित्रांना कधी विचारू नये. त्याच्या गल्लीत सोड्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करणाऱ्याला विचारावं. सासू कशी आहे हे भांडीवाल्या बाईला विचारावं, आणि तेही भांडी घासून झाल्यावर, आधी नाही. माझं आडनाव काळोखे. या धंद्यासाठी मुद्दाम घेतलं असेल असं काहींना वाटायचं.

मंडळ चालवायच्या कालिंदीबाई निमकर. सगळ्यांच्या माई. यजमान गेल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत हे मंडळ सुरू केलं होतं, आणि ते वाढल्यावर लक्ष्मी मार्केटच्या बाजूला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर जागा घेतली. माईंची ख्याती एकच होती: कुणी चौकशीला आलं तर त्या खोटं सांगत नाहीत आणि विचारलेलं लपवत नाहीत. त्यामुळे लोक त्यांना मानायचे, आणि त्याच कारणानं त्यांना जेवायला कुणी बोलवायचं नाही.

अक्षरं पडली त्या दिवशी दुपारी सांगलीहून फडतरे इंजिनिअर आले. त्यांनी मशीनपुढे बसून बराच वेळ 'हं' आणि 'अस्सं' केलं. मग म्हणाले, "माई, मशीनला व्हायरस लागलाय."

माईंनी आधी पदर नाकाला लावला.

"माणसांना होत नाही तो," फडतरे म्हणाले.

"मग कुणाला होतो?"

"मशीनला. म्हणजे तो एक प्रोग्रामच असतो हो, पण चोर. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामच्या पाठीवर बसून येतो. तुम्ही तो प्रोग्राम चालवलात की हा मशीनमध्ये उतरतो. मग मशीनमध्ये जी फ्लॉपी घालाल तिच्यात आपली एक प्रत ठेवतो. ती फ्लॉपी दुसऱ्याच्या मशीनमध्ये गेली की तिकडेही हेच."

"आणि फ्लॉपीकडे बघून कळत नाही?"

"अजिबात नाही. दिसायला अगदी सज्जन."

माईंनी माझ्याकडे बघितलं. हे वाक्य आम्ही दोघांनी पूर्वी पुष्कळ मुलांबद्दल ऐकलेलं होतं.

फडतऱ्यांनी आपल्या बॅगेतली एक फ्लॉपी काढून मशीन साफ केलं. फ्लॉपी म्हणजे चौकोनी काळं पातळ पाकीट, आत फिरणारी चकती; मुलामुलींची सगळी माहिती तिच्यावर जायची. तिच्या कडेला एक खाच असते. फडतऱ्यांच्या फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी होती. माईंनी ते कशाला म्हणून विचारलं.

"खाच बुजवली की हिच्यावर कुणाला काही लिहिता येत नाही. म्हणजे व्हायरसलाही. वाचता येतं फक्त. तुमच्या मूळ माहितीची एक प्रत अशी खाच बुजवून कपाटात ठेवून द्या. दुसरं, बाहेरची कुठलीही फ्लॉपी आत घालायची नाही. घालायचीच वेळ आली तर आधी हा तपासायचा प्रोग्राम चालवायचा, मगच उघडायची."

"म्हणजे नवीन काहीच नाही," माई म्हणाल्या. "अनोळखी माणूस एकदम स्वयंपाकघरात घ्यायचा नाही. आधी ओटीवर बसवून विचारपूस करायची."

"अगदी तेच."

"मग हे आम्हाला सांगायला सांगलीहून कशाला यायला पाहिजे होतं?"

फडतऱ्यांनी चहा घेतला आणि ते गेले. मंजूषानं कपाटातल्या सगळ्या फ्लॉप्या साफ केल्या, ठेवणीतल्यांच्या खाचा बुजवल्या. माईंनी फ्लॉप्यांच्या खणाला कुलूप घातलं. बाहेरचा एकही कागद त्या खोलीत जाणार नाही, असा हुकूम निघाला. कुणी फोटो आणला तरी तो आधी बाहेरच्या खोलीत उलटसुलट करून बघितला जायचा. का, ते कुणाला माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी इस्लामपूरच्या एका डॉक्टर मुलीचे गुण-अवगुण बघत होतो, तर तिच्या नावातला काना हलला आणि खाली पडला.

फडतरे पुन्हा आले. आता त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं. "माई, मी साफ करून गेलो होतो. हा आपोआप उगवत नाही. परत कुणीतरी आणून सोडलाय."

मग खोलीत जी शांतता पसरली ती माझ्या ओळखीची होती. साखरपुड्याच्या बैठकीत कुणीतरी मुलाच्या पहिल्या साखरपुड्याचा विषय काढला की अशीच पसरते.

त्या मशीनला पुढच्या बाजूला एक छोटं कुलूप होतं. किल्ली फिरवल्याशिवाय मशीन कळ दाबलेली ऐकायचंच नाही. किल्ल्या दोन. एक मंजूषाकडे आणि दुसरी माईंच्या कमरेला. म्हणजे हिशेबात धरायची तर एकच.

मंजूषा शेटे तेवीस-चोवीस वर्षांची. मशीन चालवणारी आमच्याकडे ती एकटीच. कामाला वेगवान, बोलायला कमी. आणि नेमकं तिचं लग्न जमत आलं होतं. तासगावचे कोरे, मुलगा बागायतदार आणि शिवाय शिकलेला, पत्रिका बघून झाली, मुलीला पाहून झालं. राहिली होती ती फक्त चौकशी. ती करायला मुलाचे चुलते बसवंतराव शनिवारी मिरजेला येणार आहेत, अशी माझी माहिती होती. चौकशीवाल्यांची चौकशी ठेवणं हाही माझ्या कामाचाच भाग होता.

फडतरे गेल्यावर माईंनी मला आत बोलावलं.

"काळोखे, शनिवारी कोरे येणार."

"हो."

"मंजूषा कुठं काम करते, तर इथं. म्हणजे ते मलाच विचारणार. मुलगी कशी आहे? विश्वासाची आहे का? आणि खालच्या पानवाल्यापासून सगळ्यांना कळलंय, की मंडळातल्या मुलीनं मशीनला काहीतरी आणून लावलं. मी काय सांगू त्यांना?"

"चांगली मुलगी आहे म्हणून सांगा."

"मी अमुक सांगा म्हटलं म्हणून कधी सांगितलंय? तिनं बाहेरची फ्लॉपी आणली असेल, मी नको म्हटल्यावरही, तर तिला मी कामावर ठेवू शकत नाही. आणि का काढली ते विचारलं तर सांगावंच लागेल." त्या थांबल्या. "कामावरून काढलेली मुलगी म्हटल्यावर कोरे परत जिना चढणार नाहीत. तिला दुसरं स्थळ आणायला मलाच तोंड उरणार नाही. म्हणून म्हणते, शनिवारच्या आत शोधून काढा. नेहमी काढता तसंच."

"फ्लॉपीची चौकशी?"

"माणसाची करता ना? कुठली, कुणाकडं जाते, कुणाकडून येते, संगत कशी आहे. फ्लॉपीचं घराणं काढा."

मला मशीनमधलं काही कळत नव्हतं. पण मुलांची चौकशी करतानाही मला त्यांच्या नोकरीतलं काही कळायचं नाही, आणि त्यानं कधी अडलं नव्हतं. मी आधी मंजूषापाशी जाऊन बसलो.

"मंजूषा, बाहेरची फ्लॉपी कुणी घातली?"

"मी नाही घातली."

"मग कुणी?"

"ते मला विचारू नका, काका."

"म्हणजे ठाऊक आहे."

"मी तसं म्हटलं नाही."

"शनिवारी तासगावचे येणार. माहिती आहे ना?"

"आहे." ती कळा जरा जोरात दाबायला लागली.

"मग वेड्यासारखं करू नकोस. नाव सांग आणि मोकळी हो."

तिनं हात थांबवले. "काका, तुम्ही चौकशीला जाता. पहिल्याच प्रश्नाला जी बाई शेजारणीचं सगळं पुराण सांगून टाकते, तिच्याबद्दल परत येऊन काय सांगता?"

"तोंडाळ आहे म्हणून."

"मग?"

आणि ती पुन्हा कामाला लागली. मला तिचा राग आला, आणि संशयही आला. ज्याच्यापाशी लपवायला काही नसतं तो इतकं नेमकं बोलत नाही.

खालच्या पानवाल्याला विचारलं. त्यानं आधी मलाच विचारलं, की मशीनचा रोग पानाला लागतो का. मग म्हणाला, तुमची पोरगी रोज वेळेवर येते, वेळेवर जाते. मात्र तुमच्या हापिसातलं काळं पाकीट घेऊन दुसऱ्या मजल्यावरचे बोंद्रे जिन्यात उभे असलेले मी दोनदा पाहिलेत.

"घेऊन वर जात होते, का खाली येत होते?"

"उभे होते. म्हणजे नुसतेच उभे होते हो. पायरीवर."

दिनकरराव बोंद्रे करसल्लागार होते. पंचावन्नच्या आसपास, विधुर, मुलगा पुण्याला. आमच्या वरच्याच खोलीत त्यांचं ऑफिस, आणि त्यांच्याकडेही कॉम्प्युटर. मी वर गेलो, खुर्चीवर टेकलो आणि म्हणालो, "दिनकरराव, आमच्या एका मुलाचा प्राप्तिकराचा प्रश्न होता."

"काळोखे, तुम्ही चौकशीला आलात," बोंद्रे म्हणाले. "सरळ विचारा. चहा घेणार? मीच करतो, त्यामुळे बरा होईल अशी आशा ठेवू नका."

त्यांनी चहा केला. तो बरा नव्हता.

"आमच्या मंडळाच्या फ्लॉप्या तुमच्याकडे येतात का?"

"येते. एकच येते-जाते. श्रावणात माझ्याकडच्या संपल्या होत्या. सांगलीला जायचा कंटाळा आला. खाली मागितली, मिळाली. काम झाल्यावर परत करायची वेळ आली." ते जरा थांबले. "आता बघा, आमच्या आईनं आम्हाला एक शिकवलंय. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. चिमूटभर साखर तरी घालायची. तुमच्याकडे नाही?"

"आहे ना. पण ही फ्लॉपी."

"भांडंच ते. त्यात काहीतरी ठेवायला मिळतं, एवढंच. तर मी तिच्यात एक छोटा खेळ घालून दिला. पुण्याच्या मुलानं दिलेला होता. आठ दिवसांनी फ्लॉपी परत वर आली. आत वर्षाची तिथी-नक्षत्रं भरून. म्हणजे खालीही तीच रीत. मग मी दुसरा खेळ घातला. मग तिकडून उपवासाच्या पदार्थांची एक यादी आली." बोंद्रे कपाकडे बघत म्हणाले, "भांडं फिरायला लागलं की मध्येच थांबवता येत नाही. ज्याच्याकडे थांबेल तो भिकार ठरतो."

"दिनकरराव, तुमच्या मशीनवर अक्षरं पडतात का हो?"

"पडतात की. गेला महिनाभर. मला वाटलं ती त्या खेळाचीच सजावट आहे. छान पडतात."

मी कप खाली ठेवला. "फ्लॉपी न्यायला-आणायला कोण येतं?"

आता मात्र बोंद्रे कप विसळायला उठले.

"ते नाव माझ्या तोंडून नको."

"का?"

"बाईमाणूस आहे," ते म्हणाले, आणि लाजले. चांगले कानापर्यंत. पंचावन्न वर्षांचा माणूस लाजताना मी त्याआधी फक्त बिजवराच्या मांडवात बघितला होता.

मी जिना उतरलो तो पाय न वाजवता. मला सगळं दिसायला लागलं होतं, आणि जे दिसत होतं ते फार वाईट होतं. एक लग्न ठरत आलेली मुलगी. एक बापाच्या वयाचा विधुर. मध्ये जिना. मी या धंद्यात नाना तऱ्हेची प्रकरणं पाहिली होती, पण उपवासाच्या पदार्थांवरून सुरू झालेलं एकही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी माई मागच्या खोलीत सुपारी कातरत बसल्या होत्या. चौकशीचा निकाल मी नेहमी उभ्यानं सांगायचो, तसाच सांगितला.

"फ्लॉपी बाहेरची नाही, आपलीच आहे. वर बोंद्र्यांकडे जाते आणि तिथून भरून येते. त्यांच्या मशीनला हाच रोग आहे, त्यांना पत्ता नाही. त्यांच्या खेळाच्या पाठीवर बसून तो खाली येतो. आपण इथलं मशीन साफ करतो, फ्लॉपी वरून परत येते, की पुन्हा लागण."

अडकित्ता थांबला. "आपलीच फ्लॉपी?"

"आपलीच. म्हणून कुणी तपासली नाही. नेणारी व्यक्ती बाईमाणूस आहे. बोंद्रे नाव सांगत नाहीत. पण लाजतात."

"लाजतात?"

"कानापर्यंत."

कातरलेली सुपारी माईंच्या तळहातावर तशीच राहिली. मला वाटलं, त्यांना मंजूषाचा धक्का बसलाय, आणि तो बसणं साहजिकच होतं.

"कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका. उद्या कोरे यायच्या वेळेला बोंद्र्यांना खाली बोलवा. फडतऱ्यांनाही निरोप द्या, सगळं सामान घेऊन या म्हणावं."

"आणि मंजूषा?"

"तीही असेल." त्यांनी सुपारी परत डब्यात टाकली. "काळोखे, आजवर मी इतक्या लोकांना सांगत आले, की लग्नात फसवणूक होते ती कुणी खोटं बोलल्यामुळे नाही, कुणी विचारलं नाही म्हणून. बरोबर ना?"

"बरोबर."

"जा आता."

मी गेलो. एकाच दिवशी दोन माणसांचा पंचनामा होणार, असं धरून मी शनिवारी धुतलेला सदरा घालून आलो.

बसवंतराव कोरे आले ते भाचीचं नाव नोंदवायला. म्हणजे तसं ते म्हणाले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर काहीच नाही. मी एका नजरेत ओळखलं, की माणूस मुरलेला आहे. त्यांनी आधी खालच्या पानवाल्याकडे पान खाल्लं होतं. ओठ लाल होते. म्हणजे मशीनचं त्यांना कळलेलं होतं.

"बसा," माई म्हणाल्या. "भाची तुम्हाला नाही. तुम्ही तासगावचे कोरे. मंजूषाच्या चौकशीला आलात."

बसवंतराव दचकले नाहीत. टोपी मात्र काढून गुडघ्यावर ठेवली. "मग बरंच झालं. उगाच भाची लांबवायला नको." मंजूषा मशीनपाशी पाठमोरी बसली होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "बाई, तुमचा शब्द आमच्या तालुक्यात चालतो. म्हणून सरळ विचारतो. खाली आम्ही ऐकलं, की पोरीनं मशीनला कसला तरी रोग आणून लावला. मुलांची माहिती सगळी पडली म्हणं. खरं का?"

"रोग लागला हे खरं."

"बाहेरचं काहीतरी आत आणलं म्हणं कुणीतरी. नको म्हटलेलं असताना."

"तेही खरं."

दारात बोंद्रे येऊन उभे राहिले होते. एक पाय आत, एक बाहेर, हातात ती काळी फ्लॉपी. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"मग कुणी आणलं?" बसवंतरावांनी विचारलं.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. अशा वेळी मी नेहमी खिडकीबाहेर बघतो.

"सांगते," माई म्हणाल्या आणि खुर्चीत ताठ बसल्या. स्थळाची माहिती देताना त्यांचा जो आवाज लागायचा तोच लागला. "बाई विधवा. वय पन्नाशीच्या पुढं. घरचं बरं. स्वभाव संशयी, बोलणं कडक. रोज सकाळी ऑफिस उघडायच्या आधी येते, कमरेच्या किल्लीनं मशीनचं कुलूप काढते आणि साप खेळते."

"काय खेळते?"

"साप. पडद्यावर असतो. फळ खाल्लं की लांब होतो. स्वतःच्या शेपटीला लागला की मेला. गेल्या आठवड्यात तिचा साप एवढा झाला, की पडद्यात मावेना. त्याचा तिला फार अभिमान आहे आणि तो कुणाला सांगायची सोय नाही."

मी खिडकीतून आत बघितलं. मंजूषाची पाठ हलली नव्हती, पण मान जरा खाली गेली होती.

"तो साप वरच्या मजल्यावरून आला," माई सांगत राहिल्या. "इंजिनिअर म्हणाले, बाहेरची फ्लॉपी घेऊ नका. तिनं घेतली नाही. ती आपलीच होती हो, वर जाऊन आलेली. माहेरी आलेल्या मुलीला कुणी उंबऱ्यावर थांबवून विचारतं का, की मधल्या काळात कुणाच्या संगतीत होतीस? तिला वाटलं, आपलं भांडं परत आलं, त्याला काय तपासायचं. तिथं ती चुकली. घरातून बाहेर गेलेलं भांडं परत आलं की तेही धुऊनच घ्यावं लागतं. सबंध जन्म लोकांना चौकशी शिकवली आणि स्वतःच्या दारात आलेल्या वस्तूला विचारलं नाही, कुठून आलीस."

"माई, चूक माझी आहे," बोंद्रे दारातून म्हणाले. "माझं मशीन..."

"दिनकरराव, तुम्हाला अजून कुणी विचारलेलं नाही," माई म्हणाल्या.

बसवंतराव टोपी फिरवत राहिले. एवढ्या वर्षांच्या चौकशीत त्यांना असं उत्तर मिळालं नसावं. मलाही मिळालं नव्हतं.

"मग पोरीचा काय संबंध यात?"

"तिचा संबंध सांगते, तो नीट ऐका. मशीन रोज तिच्या हाताखालचं. आपल्या आधी कुणीतरी येऊन बसतं हे तिला कळत नसेल? खुर्ची सरकवलेली, पडद्याचा उजेड वाढवलेला. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. या काळोख्यांनी तिला विचारलं. संशय तिच्यावर, लग्न मोडायची पाळी तिच्यावर, आणि एक नाव सांगितलं असतं तर मोकळी होती. तिनं सांगितलं नाही." माईंचा आवाज तेवढ्यापुरता जरा घसरला, मग सावरला. "तुमच्या घरात अशी मुलगी आली तर घरातली गोष्ट गल्लीत जाणार नाही. कामात चोख आहे. स्वयंपाकाचं मला माहीत नाही, मी तिच्या हातचं खाल्लेलं नाही. एवढंच मला ठाऊक आहे, आणि एवढंच मी सांगणार."

बसवंतरावांनी मंजूषाच्या पाठीकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "पोरी," ते म्हणाले, "पाणी दे बघू प्यायला."

मंजूषानं पाणी दिलं. ते घटाघटा प्याले, तांब्या खाली ठेवला. आमच्याकडे चौकशीला आलेला माणूस मुलीच्या हातचं पाणी मागून प्यायला, की मी पुढचं काही विचारत नाही. थेट मांडववाल्याची आठवण काढतो. "तिथी तुम्ही काढा," ते माईंना म्हणाले, "आम्ही कळवतो असं म्हणायची आमच्यात पद्धत आहे, पण तुमच्यापुढं ते चालणार नाही."

खाली जिन्यात फडतऱ्यांचा आवाज आला. आज दोन्ही मशीनं एकदम साफ व्हायची होती. एकच साफ करून भागत नाही हे आम्हाला आता कळलं होतं. मंजूषा चिकटपट्टीचं रीळ घेऊन उठली आणि बोंद्र्यांच्या हातातून ती फ्लॉपी तिनं दोन बोटांनी अलगद काढून घेतली.

बसवंतराव निघाले. टोपी घातली, पिशवी उचलली. दारापाशी बोंद्र्यांसमोर येऊन थांबले. त्यांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं, मग मागे वळले. चौकशीचं व्यसन वाईट असतं. एकदा लागलं की आपलं काम झालं तरी माणूस थांबत नाही.

"बाई, एक विचारू? ते वरचे शेजारी. माणूस कसा आहे?"

बोंद्र्यांचे कान पुन्हा लाल व्हायला लागले. माईंनी त्यांच्याकडे बघितलं. अगदी सावकाश बघितलं, स्थळाचा फोटो उजेडात धरून बघावा तसं.

"त्यांची चौकशी अजून चालू आहे," त्या म्हणाल्या.

मंडळात चौकशीचा माणूस मी एकटाच होतो. ती चौकशी मला कुणीही सांगितलेली नव्हती.